पुढच्या हातासाठी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून दोन ग्रंथांची आठवण नांदते. त्यांतला एक पुरा झालेला, दुसरा अपुरा राहिलेला. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा सांगते. वीस दशक, प्रत्येक दशकाचे दहा समास, एकूण दोनशे. कुठे एक कमी नाही की जास्त नाही. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या काळातच त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचलं. त्याचे एकतीस अध्याय पुरे आहेत. बत्तिसावा सुरू होतो आणि काही श्लोकांतच थांबतो. कथा १६६१ सालच्या शृंगारपुरापर्यंत येते. लाल महालावरचा छापा, सुरत, आग्रा, राज्याभिषेक यांतलं काहीच त्यात नाही.

एक ग्रंथ मोजून-मापून पुरा आणि दुसरा मध्येच तुटलेला, तरी दोन्ही आज आपल्या हातात आहेत. आणि दोन्ही पोचले ते दुसऱ्यांच्या हातांनी. दासबोधाची कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली; धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून १९०५ साली ग्रंथ छापला. शिवभारताची पोथी दूर तंजावरला मिळाली. सदाशिव महादेव दिवेकरांनी ती मराठी भाषांतरासह १९२७ साली लोकांपुढे ठेवली. लिहिणारे गेल्यावर अडीचशे वर्षांनी कुणी तरी पोथी सोडली आणि तिला तिचा क्रम लावता आला, कारण अध्यायाला आकडा होता, समासाला नाव होतं, आणि कुठे काय संपतं ते लिहून ठेवलेलं होतं.

पुस्तक लिहिताना माणसाला व्यवस्थितपणा शिकावा लागतो, असं सगळेच म्हणतात. पण तो कुणासाठी शिकायचा, हे सहसा कुणी विचारत नाही. टापटीप ही स्वभावाची गोष्ट आहे. ती काहींना जन्मतः असते, काहींना मरेपर्यंत येत नाही, आणि तिच्यावाचूनही पुस्तकं होतात. मला म्हणायचंय ते वेगळं. लिहिणाऱ्याची व्यवस्था म्हणजे पुढच्या हातासाठी केलेली सोय. हा पुढचा हात कधी मुलाचा असतो, कधी संपादकाचा, कधी शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाचा. पण सर्वांत आधी तो आपलाच असतो. आगोटीला बांधून ठेवलेली वही गणपती झाल्यावर सोडणारा माणूस नावाने तोच असला, तरी मधल्या लावणीत आणि बेणणीत त्याच्या डोक्यातलं निम्मं पुसलेलं असतं. त्याला अनोळखी समजून लिहून ठेवावं, ही व्यवस्थेची पहिली पायरी.

हा प्रश्न आमच्या भागात निव्वळ साहित्यिकांचा नाही. वीर, दासगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात पुस्तक लिहायला बसणारा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक असतो, मुंबईत नोकरी करून गावी परतलेला चाकरमानी असतो, नाही तर ग्रामस्थ मंडळाने ‘गावाचा इतिहास तुम्हीच लिहा’ म्हणून गळ घातलेला कुणी जाणता. त्याच्यापुढे साधनांचा तुटवडा नसतो. सातबारे आणि फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची प्रोसिडिंग बुकं, देवस्थानच्या मानपानाच्या याद्या, मुंबईच्या मंडळाचे वार्षिक अहवाल, कुणाच्या पोटमाळ्यावरचं मोडी कागदांचं बासन, लढाईवर गेलेल्या आजोबांचं पेन्शनचं पुस्तक, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली एखादी म्हातारी. दोन-तीन वर्षांत या माणसाकडे पिशव्या भरतात, मोबाइल फोटोंनी भरतो. मग पुस्तक तिथेच बसतं. जमवणं म्हणजेच लिहिणं, असा भ्रम होतो आणि तो फार सुखाचा असतो.

या भ्रमाचा जगातला सर्वांत प्रतिष्ठित बळी म्हणजे लॉर्ड ॲक्टन. केंब्रिजचा इतिहासाचा प्राध्यापक, त्या काळातल्या सर्वांत विद्वान इंग्रजांपैकी एक. स्वातंत्र्याचा इतिहास लिहायचा म्हणून तो आयुष्यभर वाचत राहिला, चिठ्ठ्या करत राहिला. १९०२ साली वारला तेव्हा मागे हजारो ग्रंथांचं खाजगी ग्रंथालय राहिलं आणि टिपणांच्या पेट्याच्या पेट्या राहिल्या. तो इतिहास मात्र लिहून झालाच नाही. ॲक्टन अव्यवस्थित होता असं कुणी म्हणणार नाही. त्याची व्यवस्था आत येणाऱ्या मालाची होती, बाहेर जाणाऱ्याची नव्हती. म्हणून व्यवस्थेची बाजू मांडताना आधी हे कबूल करायला हवं, की व्यवस्था हा न लिहिण्याचा सर्वांत सभ्य बहाणाही असतो. रंगीत फायली, नवी कपाटं, संगणकावरच्या फोल्डरांची उतरंड यांत सहा महिने सहज जातात आणि माणूस दमल्यासारखाही होतो.

मग कामाची व्यवस्था कोणती? माझ्या मते ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठी दप्तरांनी ती केव्हाच करून ठेवली आहे. जुन्या हिशेबात दोन वह्या असत: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवसाखाली. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या-त्याच्या खात्यावर. पहिलीला विषय कळत नाही, दुसरीला काळ. दोन्ही असतील तरच ताळा जमतो. पुस्तक लिहिणाऱ्यालाही नेमक्या याच दोन वह्या लागतात. एकीत आज कुणाला भेटलो, कुठला कागद पाहिला, काय सुचलं आणि काम कुठे सोडलं. दुसरीत ‘बंदर’, ‘शाळा’, ‘पूर’, ‘मुंबईची वाट’ अशी खाती, आणि प्रत्येक नोंदीसमोर रोजकीर्दीतली तारीख. बहुतेकांकडे यांतली एकच असते. जे नुसती डायरी लिहितात त्यांना काही सापडत नाही. जे नुसते विषयवार कागद लावतात त्यांना तो कागद कधी, कुणाकडून आला हे सांगता येत नाही.

यातली दुसरी उणीव जास्त घातक. मोडी सनदेचा स्वच्छ फोटो आहे, पण ती कुणाच्या घरची, तिच्या पाठीमागे काही होतं का, ती पाहिली तेव्हा घरातल्या माणसाने काय सांगितलं, हे कुठेच नाही. अशा फोटोची किंमत चित्राइतकी, पुराव्याइतकी नाही. ऐकीव माहितीचं त्याहून वाईट. म्हातारीने सांगितलेलं आणि आपण त्यावरून काढलेलं अनुमान एकाच शाईत, एकाच वाक्यात लिहिलं, तर वर्षभराने आपणच आपलं अनुमान तिच्या तोंडी घालतो. म्हणून नोंदीत चार गोष्टी हव्यातच: कुठून, कुणाकडून, केव्हा, आणि कोणत्या पानावर. पाचवी म्हणजे आपली टिप्पणी, ती वेगळ्या रंगात किंवा पानाच्या समासात. विसाव्या शतकात निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांची पेटी तयार केली आणि तिच्या आधाराने पुस्तकांची रांग लावली. त्याची सगळी करामत एका नियमात होती: प्रत्येक चिठ्ठीला पत्ता, आणि चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे पत्ते. आपल्या खतावणीचा पाननंबर हेच काम करत असे.

पण नोंदी कितीही नेटक्या असल्या, तरी त्यांचं पुस्तक होत नाही. त्यासाठी आराखडा लागतो. आणि आराखड्याचं मोल काय, हे समजायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कागदांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. महाडच्या चवदार तळ्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या माणसाच्या मागे कित्येक अपुरी हस्तलिखितं राहिली. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी ते काम वाहिलं. १९८७ च्या तिसऱ्या खंडात ‘भारत आणि साम्यवादाच्या पूर्वअटी’ अशा आशयाच्या एका नियोजित पुस्तकाचा भाग आहे. बाबासाहेबांनी त्याची अनुक्रमणिका आधी करून ठेवली होती: तीन भाग, आठ प्रकरणं. लिहून झाली ती फक्त चौथं आणि पाचवं, हिंदू समाजरचनेवरची.

या अनुक्रमणिकेवाचून ती दोन प्रकरणं नुसते दोन लेख ठरली असती. तिच्यामुळे आपल्याला कळतं, की समाजरचनेची ही चिकित्सा एका मोठ्या प्रश्नाचा मधला टप्पा होती. आधी साम्यवादाला कोणती भूमी लागते याचा विचार होता. नंतर मार्क्स आणि मनू यांना समोरासमोर उभं करायचं होतं. न लिहिलेल्या सहा प्रकरणांचीही दिशा आपल्याला दिसते. एका पानाच्या अनुक्रमणिकेने हे साधलं. आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. बाबासाहेबांनी सुरुवातीपासून सुरुवात केलेली नाही. हाताशी जे प्रकरण पिकलं होतं, ते आधी उतरवलं.

आराखडा म्हणजे स्वतःला दिलेलं वचन नव्हे, हेही त्याबरोबर समजून घेतलं पाहिजे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे आमच्या शेजारच्या चिपळूणकडचे. त्यांनी ‘व्यवहारमयूख’ संपादित केला, १९२६ साली. त्याच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या इतिहासाचा थोडा आढावा घ्यावा, असा मूळ विचार. तो आढावा प्रस्तावनेत मावेना म्हणून स्वतंत्र पुस्तक ठरलं. त्याचा पहिला खंड १९३० साली आला. तेव्हा काण्यांना पन्नास वर्षं झाली होती. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग आला १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. मधल्या काळात उच्च न्यायालयातली वकिली होती, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद होतं, दुखणीही होती. आराखडा फुगत गेला, पण तो कोसळला नाही, कारण प्रत्येक खंड आपल्या जागी पुरा होता. काणे तिसऱ्या खंडानंतर थांबले असते, तरी अभ्यासकाच्या हाती तीन पुरे खंड राहिले असते. वाढणाऱ्या कामाची हीच परीक्षा: आज थांबलं, तर आजवरचं वापरता येईल का?

इथे दासबोधाची रचना पुन्हा पाहावी. समास हा आकार विलक्षण सोयीचा आहे. एका बैठकीत सांगता येईल, एका बैठकीत ऐकता येईल आणि एकटा उचलला तरी अर्थ देईल, एवढाच तो असतो. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षं गेल्याचा उल्लेख येतो. त्यावरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. सगळा ग्रंथ एका दमात, एका क्रमाने झाला असं मानायचं कारण नाही. वेगवेगळ्या वेळी घडलेल्या समासांना दशकांच्या चौकटीत जागा मिळत गेली, हे त्याच्या विषयांच्या मांडणीवरूनही जाणवतं. लिहिणाऱ्याने आपल्या कामाचा ‘समास’ ठरवावा, हा त्यातून घ्यायचा धडा. गावाच्या इतिहासात ‘शाळा’ हे प्रकरण असेल, तर ते एका बैठकीत आवरत नाही. ‘शाळा धर्मशाळेतून स्वतःच्या इमारतीत गेली ते वर्ष’ हे आवरतं. पुस्तक लिहायला कुणालाच वेळ नसतो. एक समास लिहायला मात्र शेतकऱ्याला पावसाच्या उघडिपीतही मिळतो.

आणि क्रमाचं म्हणाल, तर वीरचं स्टेशनच त्याचा धडा आहे. रोहा ते मंगळूर ही सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे बांधली गेली, तेव्हा उत्तरेकडून पहिला सुरू झालेला टप्पा रोहा ते वीर, १९९३ मध्ये. त्याच वर्षी पार दुसऱ्या टोकाला उडुपी ते मंगळूर गाडी धावली. मधला डोंगर, नद्या आणि बोगदे पुढे जवळजवळ पाच वर्षं चालले. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीने काम अडवून धरलं होतं, पण त्यासाठी वीरची गाडी थांबवून ठेवली गेली नाही. प्रत्येक पुस्तकात एक पेडणं असतं. बहुतेक लोक पहिल्या पानापासून ओळीने लिहीत जातात, त्या मऊ मातीच्या प्रकरणाशी पोचतात आणि तिथेच संपतात. नकाशा पक्का असेल तर दोन्ही टोकांकडून लिहिता येतं, आणि झालेल्या भागावर गाडीही सोडता येते.

गाडी सोडणं म्हणजे वाचकाला देणं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची प्रकरणं ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आली, मग भागाभागाने पुस्तकं झाली. १९३६ साली त्या गेल्या आणि अखेरचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. आधीचं सगळं छापून लोकांत गेलेलं असल्यामुळे उरलेलं काय, हे स्पष्ट होतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर व्यवस्थेची कंपनीच काढली. ज्ञानकोश मंडळाचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले, माणसं नेमली आणि तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. अकारविल्हे नोंदी असलेले खंड निघण्याआधी त्यांनी प्रस्तावनाखंडांचे पाच विभाग काढले. मागाहून या सगळ्या खटाटोपाची हकिकत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवली. काम कसं केलं याची हिशेबवही प्रसिद्ध करणारा मराठी लेखक विरळाच. भागधारक आणि वर्गणीदार डोक्यावर असले, की ॲक्टन होण्याची चैन परवडत नाही.

केतकरांच्या उपक्रमातून एक आणखी मोठी गोष्ट झाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले लोक. पुढे त्यांनी सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला, १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत. पद्धत एका माणसाच्या डोक्यातून कागदावर आली, की ती दुसऱ्याला शिकता येते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचंही तसंच. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५ साली गेले तेव्हा ते ‘टी’ अक्षरावर काम करत होते. कोश १९२८ साली पुरा झाला. लाखो चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत लावलेल्या असल्यामुळे मरेंच्या जागी बसलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

आता उलट बाजू. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं नाव घेऊन कुणीही म्हणू शकेल, की प्रतिभेला या खतावण्या लागत नाहीत. राजवाडे गावोगाव हिंडले, दप्तरं धुंडाळली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत काढली, आणि भाषा, व्याकरण, समाजशास्त्र अशा कितीतरी दिशांनी एकाच वेळी धावले. हे खरं आहे. पण ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात ते गेले आणि त्यांच्यामागे काय झालं, तेही खरं आहे. जानेवारी १९२७ मध्ये धुळ्यातल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, कागद सांभाळले. त्यांचा धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश मरणोत्तर प्रसिद्ध झाले. राजवाड्यांची व्यवस्था धुळ्याने केली. ज्याच्यामागे असं गाव उभं राहणार आहे, त्याने खुशाल बेशिस्त असावं. तुमच्याआमच्यामागे ते उभं राहील, याची हमी कोण देणार? शिवाय राजवाड्यांच्या साधनांच्या खंडांत पत्राला क्रमांक आहे, तारीख लावलेली आहे, मूळ कागद कुठला ते सांगितलेलं आहे. हिंडण्यात ते मोकळे होते. पुरावा छापताना नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मराठीत पुस्तक कसं तयार करावं आणि कसं जपावं, यावर इतकं नेमकं जुनं लेखन क्वचितच सापडेल. पहिलं अक्षर जसं काढलं, तसंच शेवटचं असावं, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. देशोदेशीचे बोरू आणावेत, शाईचा साठा असावा. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधेच लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. बासनं, मेणकापड, पेट्या, कुलुपं यांनी पोथी सांभाळावी. कोकणातला पाऊस, बुरशी आणि वाळवी ज्याने पाहिली आहे, त्याच्या तोंडी शोभणारंच हे बोलणं. कडेची मोकळी जागा तर पुढच्या हाताचा विचार किती दूरवर करता येतो याचा नमुना आहे. लिहिताना जी जागा वाया गेल्यासारखी दिसते, तीच शंभर वर्षांनी मजकूर वाचवते.

पण त्या समासाची सुरुवातच ब्राह्मणाला उद्देशून आहे. अक्षर, कागद, पेटी, कुलूप आणि ते ठेवायला कोरडं घर, हे सगळं ज्यांच्याकडे होतं त्यांना सांगितलेली ही शिस्त आहे. ज्यांना शाळेच्या ओट्यावरही चढू दिलं नाही, त्यांनी पोथीला मेणकापड कुठून आणायचं? महाडजवळच्या लाडवलीला १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, यांना महाडच्या शाळेत जागा मिळवण्यासाठीसुद्धा झगडावं लागलं. १९ आणि २० मार्च १९२७ ची, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची महाडची परिषद भरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. माणसं गोळा करणं, जागा मिळवणं, निरोप पोचवणं, खर्च भागवणं ही सगळी व्यवस्था ज्यांनी केली, त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र मात्र अपुरं राहिलं. त्यांच्या टेबलावर पुस्तकापेक्षा चळवळीचं काम नेहमीच वर असणार. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी वडिलांचं लेखन सांभाळून पुढचं चरित्र लिहिलं. ते २००३ साली आलं, आणि २०१९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. महाडच्या संग्रामाची आतली बाजू आज आपल्याला कळते, ती या दोन पिढ्यांच्या लेखणीतून.

म्हणून व्यवस्थितपणा हा सद्गुण म्हणून शिकवण्यात मला अन्याय दिसतो. ज्याच्याकडे टेबल नाही, खोली नाही, सलग दोन तास नाहीत, त्याला ‘शिस्त लावा’ म्हणणं सोपं असतं. गावातल्या ज्या बाईने आयुष्यभर बचत गटाचे हिशेब चोख ठेवले, तिला पुस्तकाची व्यवस्था कळणार नाही असं कोण म्हणेल? तिला मिळत नाही तो वेळ आणि जागा. पण याच कारणामुळे पुढच्या हाताचा विचार तिच्यासारख्यांना अधिक गरजेचा आहे. ज्याला सलग वेळ असतो, त्याला सगळं डोक्यात ठेवता येतं. ज्याचं काम दिवसातून दहादा तुटतं, त्याला तुटल्या जागी खूण ठेवावीच लागते. उठताना एक ओळ लिहावी: आता काय करायचं होतं. तेवढी ओळ मोऱ्यांसारख्या माणसाला सभेहून परतल्यावर पुन्हा लिहायला बसवते, आणि परतणंच झालं नाही, तर मुलाला.

जपण्याचा प्रश्न आमच्याकडे आणखी बिकट आहे. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांनी महाडला किती वेळा वेढलं, ते सांगायला नको. जुलै २००५ मध्ये दासगावपासून कोंडिवतेपर्यंत दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं. अशा मुलखात एकच हस्तलिखित एकाच कपाटात ठेवणं म्हणजे ते अर्धं बुडवणंच. मेणकापडाचं आजचं रूप म्हणजे प्रत. पण प्रत त्याच घरात, त्याच माळ्यावर ठेवून उपयोग नाही. कोकणातल्या घराला मुंबईत एक टोक असतंच. डोंबिवलीच्या भाचीकडे, लालबागच्या चुलतभावाकडे दुसरी प्रत जावी. फोनमधला मजकूरही कागदावर यावा, कारण फोन बंद पडतो, त्याचा परवलीचा शब्द मरणाऱ्याबरोबर जातो. आणि प्रत देताना वरच्या पानावर अनुक्रमणिका, कोणतं प्रकरण झालं, कोणतं अर्धं आहे, कुठली माहिती अजून तपासायची आहे, हे लिहिलेलं असावं.

यावरून व्यवस्थेची एक साधी कसोटी निघते. आपली पिशवी एखाद्या समंजस पण त्या विषयातल्या नवख्या माणसापुढे ठेवावी आणि तासाभराने त्याला तीन प्रश्न विचारावेत: पुस्तक कशाबद्दल आहे, किती झालं आहे, आणि उद्या सकाळी कुठून सुरुवात करायची. त्याला उत्तरं देता आली, तर तुमचं टेबल कितीही पसरलेलं असो, तुम्ही व्यवस्थित आहात. नाही देता आली, तर रंगीत फायलींना काही अर्थ नाही. ॲक्टन या कसोटीला उतरणार नाही. बाबासाहेबांची ती अपुरी फाइल उतरते.

एकट्या लेखकावर हे सगळं सोडून चालणार नाही, हेही मला शेवटी म्हणायचं आहे. महाड-पोलादपुरातली वाचनालयं आणि महाविद्यालयं छापून आलेली पुस्तकं विकत घेतात. न छापलेली, अपुरी हस्तलिखितं स्वीकारण्याची पद्धत त्यांनी सुरू करावी. अट एकच ठेवावी: वर अनुक्रमणिका हवी आणि प्रत्येक नोंदीचा पत्ता हवा. दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याला त्यातलं एक बासन सोडायला द्यावं, त्याने त्याची यादी करावी, जमलं तर एक समास पुढे लिहावा. वीरसारख्या गावात पुस्तक लिहायला बसलेल्या माणसाला आपलं काम आपल्याच हातून पुरं होईल अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. ते कुणाच्या तरी हातून पुढे जाईल, एवढी सोय मात्र तो आजच करू शकतो, आणि तालुक्याने ती सोय उचलून घ्यायला हवी.